कुत्र्याची जखम आणि माझा भाऊ

आमच्या कुत्र्याच्या मांडीला जखम झाली तेव्हा भाऊ अजून बोटीवर होता, हे मला सुरुवातीलाच सांगून टाकायचं आहे. कारण आमच्या आळीत आजही सगळे म्हणतात, की त्या कुत्र्याला भावानं वाचवलं.

भाऊ माझ्याहून बराच धाकटा. प्रवासी बोटीच्या स्वयंपाकघरात काम करतो. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, मग दोनेक महिने घरी. मी माणिकपूरच्या एका शाळेच्या ऑफिसात आहे. लग्न केलं नाही. वडील गेल्यापासून सांडोरच्या घरात मी आणि आई, आणि हा कुत्रा. कुत्रा भावाचा आहे असं आमच्याकडे धरून चालतात. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सापडलेलं पिल्लू तो शर्टात गुंडाळून घेऊन आला, थोडे दिवस त्याच्याशी खेळला आणि बोटीवर निघून गेला. त्यानंतर पिल्लाला दूध-पोळी घालणं, लसी टोचून आणणं, फटाक्यांच्या दिवसांत त्याच्याजवळ बसून राहणं, हे सगळं माझ्याकडे आलं. मी तक्रार करत नव्हते. तो मला आवडायचा. खरं सांगायचं तर घरात मला पाहून उठून उभं राहणारा तो एकटाच होता.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या उन्हात तो ओट्याखाली जाऊन बसायला लागला. बाहेर ये म्हटलं की मान वळवायचा. मागची मांडी सारखी चाटायचा. त्याचे केस लांब, तांबूस. वरून काही दिसत नव्हतं. एका सकाळी वास आला. मी केस बाजूला केले आणि माझी जेवणावरची वासनाच उडाली. शेजारच्या वाडीला नवीन काटेरी तार घातली होती, तिथे कुठेतरी मांडी फाटली असणार. बाहेरून छोटंसं भोक, आणि आत अळ्या वळवळत होत्या.

आई दारातून म्हणाली, "नको गो बघू. कोनाला तरी बोलव."

कोणाला बोलावणार? शाळेत फोन करून रजा सांगितली, त्याला जुन्या चादरीत घेतलं आणि रिक्षानं बोळिंजच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. रिक्षावाला नाकाला रुमाल लावून गाडी चालवत होता.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वयानं लहान होत्या, पण हात पक्का होता. त्यांनी केस भादरले, औषध मारलं, चिमट्यानं एकेक अळी बाहेर काढली. मग मेलेली कातडी कापायला घेतली. भुलीचं इंजेक्शन दिलं होतं, तरी तो शेवटी शेवटी जागा व्हायला लागला. मी त्याचं डोकं दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरलं होतं. तो माझ्याकडे बघत होता. रडतही नव्हता, नुसता बघत होता. मी म्हणत राहिले, "झालं हं, झालं," आणि झालेलं नव्हतं.

काम संपलं तेव्हा मांडीवर पुरीएवढी उघडी लाल जागा होती. मी विचारलं, "टाके नाही घालायचे?"

"नाही. वरून शिवलं तर घाण आतच राहील," त्या म्हणाल्या. "ही जखम तळापासून भरत वर यायला हवी. सलाईननं धुवायची, मलम, जाळीची पट्टी, वरून बँडेज. सकाळ-संध्याकाळ. आणि चाटू द्यायची नाही, म्हणून ही कॉलर." प्लास्टिकचा मोठा नरसाळ्यासारखा तो प्रकार त्यांनी त्याच्या गळ्यात बांधला. "वेळ लागेल. घरात कोण करेल?"

"मीच," मी म्हटलं. मला अभिमान वाटला होता, आठवतं.

पण घरी आल्यावर तो माझ्याजवळ येईना. मी सलाईनची बाटली हातात घेतली की त्याच्या घशातून घरघर सुरू व्हायची. त्याच्या हिशेबात डॉक्टरीणबाई नव्हत्याच. टेबलावर त्याचं डोकं दाबून धरणारी मी होते. पहिले काही दिवस मी त्याच्या तोंडाला पट्टी बांधून, गुडघ्यानं अडवून, घामाघूम होऊन ती जखम धुतली. आई आत जाऊन माळ जपत बसायची. ती त्याला हात लावायची नाही. कुत्रा ओट्यापर्यंत, उंबऱ्याच्या आत नाही, हा तिचा जुना नियम. मी कितीदा म्हटलं होतं, थंडीत तरी आत घेऊ. "मग मी भायेर झोपते," असं उत्तर मिळायचं.

आणि अशातच भाऊ आला.

रविवारची सकाळ होती, आई आणि मी चर्चमधल्या मिस्सावरून नुकत्याच परतलो होतो. टॅक्सी फाटकाशी थांबली आणि ओट्याखालून कुत्रा बाहेर आला. गेल्या कित्येक दिवसांत जो हाक मारूनही हलला नव्हता, तो ती कॉलर खांबांवर आपटत, तीन पायांवर लंगडत फाटकापर्यंत पळाला. भावानं बॅग तिथेच टाकली, मातीत मांडी घातली, आणि कुत्र्यानं ते नरसाळ्यासकट डोकं त्याच्या मांडीत खुपसलं. दोघंही काही वेळ तसेच. मी प्रार्थनेचं पुस्तक हातात धरून मागे उभी.

भाऊ वर बघून म्हणाला, "ताई, काय करून ठेवलंस याचं?"

त्यानं सहज विचारलं होतं. त्याला काही लावून बोलायचं नव्हतं. तरी ते वाक्य मी कितीतरी दिवस चघळत राहिले.

त्याच संध्याकाळी त्यानं बाटली माझ्या हातातून घेतली. "बोटीवर आम्हाला प्रथमोपचार शिकवतात," म्हणाला. सलाईनची बाटली आधी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट केली. मग जमिनीवर पाय पसरून बसला, काहीच केलं नाही. मोबाईल बघत बसला. कुत्रा आपणहून आला आणि त्याच्या पायांवर आडवा झाला. तोंडाला पट्टी नाही, धरणं नाही, काही नाही. भाऊ जखम धूत होता आणि कुत्र्याची शेपटी जमिनीवर हळूहळू आपटत होती.

आई दारातून बघत होती. "बघ," ती मला म्हणाली, "याच्या हाताला गुन हाय. तू लई जोर करतेस."

मी म्हटलं, "अळ्या काढताना मी होते, आय."

"मंग होतीस ना. मी कुटं नाय म्हनते?"

त्या रात्रीपासून कुत्रा घरात झोपायला लागला. भावानं त्याला उचललं, उंबरा ओलांडला आणि आपल्या खाटेजवळ ठेवलं, बस. आईला विचारलंसुद्धा नाही. मी बघत उभी, की आता काय होतंय. आई आत गेली आणि वडिलांची जुनी सोलापुरी चादर घेऊन आली, त्याच्या अंगाखाली घालायला. मला ती चादर इतकी वर्षं हवी होती. मागितली नव्हती, पण हवी होती.

मत्सर हा काय प्रकार असतो ते मला तेव्हा नीट कळलं. मी समजत होते की तो मोठ्या गोष्टींवरून होतो. तसं नव्हतं. भाऊ उशिरा उठायचा, तोवर आई घरात आवाज होऊ द्यायची नाही. मला मात्र पहाटे भांडी वाजवून उठवायची. पाचूबंदरची कोळीण टोपली घेऊन आली की आई विचारायची, "सरंगा हाय का? पोरगा आलाय." पोरगी रोज घरातच होती, तिच्यासाठी बोंबील चालायचे. आळीतल्या बायका ओट्यावर येऊन भावाला कुत्र्याची पट्टी बदलताना बघायच्या आणि म्हणायच्या, "काय माया हाय पोराची!" मी त्यांना चहा द्यायचे. तो चहा मी मुद्दाम कमी साखरेचा करायचे, हेही सांगते.

मी सगळ्यात जास्त जळत होते ते मात्र कुत्र्यावरूनच. आईचं प्रेम वाटलं जाणार हे लहानपणापासून माहीत होतं, त्याची सवय होती. कुत्र्याच्या बाबतीत माझी खात्री होती. गोळी मी राजेळी केळ्यात दडवून द्यायचे तर तो केळं खाऊन गोळी थुंकायचा. भाऊ नुसती गोळी तळहातावर धरायचा आणि तो चाटून घ्यायचा. शाळेतून घरी आले की तो ओट्यावरून मान वर करायचा, मी आहे हे बघायचा आणि मान परत खाली ठेवायचा. टायपिंग करताना मला ती मान खाली ठेवणं दिसायचं.

पुन्हा दाखवायला बोलावलं होतं त्या दिवशी मी हट्टानं एकटीच त्याला घेऊन गेले. भाऊ म्हणाला, "मी येतो ना," तर मी म्हटलं, "मला रस्ता माहीत आहे." डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहराच खुलला. "अरे वा! बघा, आतून कसं लाल, दाणेदार मांस येतंय. असंच यायला हवं. पट्ट्या फार छान केल्यात. कोण करतं, तुम्हीच ना?"

सांगायची अजिबात इच्छा नव्हती.

"भाऊ करतो," मी म्हटलं.

"मग त्यांना सांगा, उत्तम काम आहे."

मी ते घरी येऊन सांगितलं नाही.

आईशी एकदा बोलणं झालं. दुपारी आम्ही दोघी मागच्या पडवीत कोळंबी सोलत होतो. भावासाठीच. मी म्हटलं, "आय, मी आजारी पडले तर तू माझ्यासाठी एवढं करशील का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळत असतं. म्हणाली, "तो पावना हाय गो. पावन्याचं कवतिक करावं लागतं. तू घरची."

"मग मलाही एकदा पाहुणी होऊ दे."

"हो की. कोनी अडवलंय?"

ती हसत म्हणाली, पण मी मनावर घेतलं. शनिवारी पिशवी भरली आणि डहाणूला मावशीकडे निघून गेले. कारण कोणालाच नीट सांगितलं नाही. मनात एवढंच होतं, की बघू दे यांना माझ्याशिवाय. गोळ्यांच्या वेळा मीच लक्षात ठेवत होते. पट्ट्या मीच उन्हात वाळत घालत होते. संध्याकाळपर्यंत फोन येईल, अमुक कुठे ठेवलंय, तमुक कधी द्यायचं, असं मला वाटत होतं.

फोन आला नाही. शेवटी मीच केला. आई म्हणाली, "सगला बरा हाय. तू आराम कर."

मावशीनं मात्र माझं खरंच कौतुक केलं. ती आईची धाकटी बहीण, मी तिच्या हातांवर वाढलेली. मी बसले तिथे ताट आलं. "काय बारीक झाली पोर!" म्हणाली. रावस तळला होता. मावशीनं आतून वाढत असलेल्या सुनेला हाक मारली, "अगं, तो मधला तुकडा तिला दे. ती काय रोज येते का?"

सून आली. तिनं तव्यावरून मधला तुकडा उचलून माझ्या ताटात ठेवला आणि ठेवताना एकदाच माझ्याकडे बघितलं. वाईट नजर नव्हती ती. पण ती मला पाठ होती. गेले कित्येक दिवस मी भावाकडे तसंच बघत होते.

तो तुकडा मी कसातरी संपवला. जेवण झाल्यावर मी तिच्याबरोबर मोरीवर भांडी घासायला बसले. ती म्हणाली, "राहू द्या, ताई. तुम्ही पाहुण्या."

"दोन दिवसांची पाहुणी," मी म्हटलं. "तुला राग येतो का गं माझा?"

ती दचकली. मग हात न थांबवता म्हणाली, "तुमचा नाही येत. पण तुम्ही आलात की सासूबाईंचा आवाजच बदलतो. तो आवाज त्यांच्याकडे आहे, हे मी विसरूनच गेले होते." पुढचं भांडं ओढत म्हणाली, "तो ऐकला की येतो राग. कोणाचा ते नाही कळत."

आम्ही भांडी संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत निघाले. मावशी रुसली, पण मला तिथे मधला तुकडा खात बसणं जमेना. मला शहाणपण आलं असं मात्र झालं नाही. फाटक उघडलं तेव्हा कुत्रा भावाच्या पायाशी पडला होता, त्यानं शेपटी दोनदा हलवली, आणि मी परत जळायला लागले.

भावाला नाताळापर्यंत थांबायचं होतं. आईनं तशी नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, बोलली होती. पण कंपनीचा निरोप आला, कोणीतरी आजारी पडलं, लवकर रुजू व्हा. नोव्हेंबर संपायच्या आत एका दुपारी टॅक्सी परत फाटकाशी आली. जखम तोवर आठ आण्यांच्या जुन्या नाण्याएवढी उरली होती. भाऊ कुत्र्याजवळ बसला, त्याच्या कानामागे खाजवलं, आणि मला म्हणाला, "ताई, शेवटचंच अवघड असतं. वरून बरी दिसते आणि आपण सोडून देतो. सोडू नकोस."

"मला सांगू नकोस," मी म्हटलं. टॅक्सी वळेपर्यंत मी त्याला नीट अच्छासुद्धा केलं नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आई जेवायची नाही आणि कुत्राही जेवायचा नाही. तो फाटकाशी पडून राहायचा, कॉलर मातीनं माखायची. मी भावासारखी जमिनीवर पाय पसरून बसून बघितलं. बाटली कोमट केली. मोबाईलसुद्धा काढला. तो आला नाही. दुरून एकदा माझ्या पायांकडे बघितलं आणि परत रस्त्याकडे तोंड केलं. मला इतका अपमान वाटला, की मी तिथेच बसून रडले. आईनं बघितलं आणि पाण्याचा तांब्या माझ्याजवळ आणून ठेवला.

पण पट्टी ओली झाली होती, बदलायलाच हवी होती. विहिरीमागे आमचा कपडे धुवायचा दगड आहे. जखमेच्या आधी मी त्याला दर रविवारी तिथे आंघोळ घालायचे. भावाला ते ठाऊकही नव्हतं, तो कधी त्या बाजूला फिरकला नाही. मी त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला हात घालून त्याला तिकडे नेलं. दगडाजवळ गेल्यावर तो सवयीनं उभा राहिला, पाय फाकवून, मान खाली घालून, जसा आंघोळीला राहायचा तसा. मी वाकले आणि पट्टी सोडली. बोलत राहिले. शाळेतलं काहीबाही सांगत होते, शिपायाची रजा, मुख्याध्यापकांचा नवा चष्मा. तो घुरघुरला एकदा. मी हात थांबवला, बोलणं थांबवलं नाही. मग जखम धुतली. कडेनं थोडं रक्त आलं, तेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ताजं मांस आहे, घाबरू नका. सगळं होईपर्यंत तो उभा राहिला. माझ्या मांडीवर त्यानं डोकं ठेवलं नाही. मीही तशी वाट बघितली नाही, निदान तसं स्वतःला सांगितलं.

रोज तसंच केलं. दगडाशी नेणं, उभ्या उभ्या धुणं, बोलणं. कधी आई विहिरीवर येऊन बाटली धरायची. एकदा तिनं कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला, जणू चटका बसला. दुसऱ्या दिवशी तो हात जास्त वेळ राहिला.

नाताळाच्या सुमारास जखम भरली. डॉक्टरीणबाईंनी कॉलर काढली आणि कुत्र्यानं अंग असं झाडलं की टेबलावरची कात्री खाली पडली. "आता चाटलं तरी चालेल," त्या म्हणाल्या. तिथे केस आले नव्हते, गुलाबी, चकचकीत कातडी होती. त्यांनी मला विचारलं नाही, की आता कोणी केलं. मला सांगायचं होतं. विचारलं नाही म्हणून राहून गेलं.

नाताळाच्या दुपारी भावाचा व्हिडिओ कॉल आला. मागे कसलातरी समुद्र, डोक्यावर स्वयंपाक्याची पांढरी टोपी. आईनं त्याला बघितलं आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली. फोन माझ्या हातात राहिला. तो म्हणाला, "दाखव ना त्याला."

माझ्या तोंडून निघालं, "तुझा मला राग येतो. तुला माहीत आहे का?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "माहीत आहे. तू मला चहा द्यायचीस तेव्हा कप आपटायचीस."

"साखरही कमी घालायचे."

"ते मला वाटलं आईनं सांगितलं असेल. शुगर होऊ नये म्हणून."

मला हसू आलं, त्यालाही. मी म्हटलं, "राग गेलेला नाही, सांगते. अजून आहे."

"असू दे," तो म्हणाला. "पण दाखव."

मी ओट्यावर गेले आणि फोन कुत्र्यासमोर धरला. भावानं हाक मारली. कुत्र्यानं कान टवकारले, फोनच्या मागे जाऊन वास घेतला, तिथे कोणी नाही हे बघून माझ्या मनगटावर नाक टेकवलं. ते त्याच्यासाठी होतं की माझ्यासाठी, मला कळलं नाही. मी फोन खाली नेला, केस बाजूला केले, आणि ती गुलाबी जागा नीट उजेडात येईल अशी धरली.